पाव किलोमागे सात रुपये

इंदूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय पंचावन्नच्या आसपास. घराच्याच मागच्या दोन खोल्यांत फराळाचा उद्योग: शेव, चकली, चिवडा, भाजण्या, दिवाळीत अनारसे आणि करंज्या. कामाला पाच बायका, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, प्रत्येकीला महिना 8,000 रुपये. दिवाळीला साडी, मिठाई. अडीअडचणीला उसने पैसे. महिन्याला साधारण 700 किलो माल सरासरी 340 रुपये किलोने जातो. सामान, गॅस, पॅकिंगचे 1,45,000, पगाराचे 40,000, वीज आणि माल पोचवण्याचे 18,000 वजा जाता त्यांच्या हाती सुमारे 35,000 राहतात.

काही दिवसांपूर्वी त्यांच्याकडच्या सर्वांत जुन्या बाईने चकलीचा सोऱ्या खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि मोबाइल पुढे धरला. ‘काकू, सरकारचा रेट अकरा हजार आठशेच्याही वर गेलाय. आमचं काय?’

पुढे त्या लिहितात: “मला फार लागलं. घरच्यासारखं वागवलं. तिच्या मुलीच्या बारावीच्या फीला मीच पैसे दिले, तिच्या खोलीचं चार हजार भाडं थकलं तेव्हाही मीच दिलं. एवढे पगार द्यायचे तर मला काय उरेल? शेजारच्या गल्लीतला उद्योग सातच हजार देतो, आणि या राजीखुशीने येतात. शिवाय त्यांना लाडली बहनाचे पैसे मिळतातच. मुलगा बंगलोरहून म्हणतो, दोघींना कमी कर, नाहीतर किलोवर पैसे दे, म्हणजे रेटचा प्रश्नच मिटेल. दुकानदार माझे पैसे दोन-दोन महिने अडकवतात, गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी घासाघीस करतं. 2024 च्या दिवाळीआधी तेल भडकलं तेव्हा भाव वाढवला होता, तेव्हाही कुरकुर झाली, पण माणसं टिकली. माझे सासरे मालवा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, होते, कष्टाची किंमत मला कळते. मी कोणाला लुबाडलेलं नाही. तरी ती समोर आली की माझी नजर खाली जाते. माझं चुकतं आहे का?”

ताई,

आकडे न लपवता लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. या विषयावरची पत्रं बहुधा ‘हल्ली बायकाच मिळत नाहीत’ इथेच थांबतात. तुम्ही हिशेब दिलात म्हणून नेमकं बोलता येईल.

आधी सरळ उत्तर देते. हो, 8,000 कमी आहेत. कायद्याने कमी आहेत आणि इंदूरच्या आजच्या खर्चाच्या मानानेही कमी आहेत. यावरून तुम्ही वाईट ठरत नाही. पण तुमचा चांगुलपणा आणि त्यांचा पगार या दोन गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत, की एक कमी पडली की दुसरी पुढे येते. त्या आधी वेगळ्या करूया.

मध्य प्रदेशात किमान वेतनाचे मूळ दर 2014 नंतर थेट 1 एप्रिल 2024 ला बदलले. जास्तीत जास्त पाच वर्षांत फेरविचार व्हावा असं कायदा सांगत होता, लागली दहा. नवे दर महिन्याला अकुशल कामासाठी 11,800, अर्धकुशल 12,796, कुशल 14,519 आणि उच्चकुशल 16,144 असे ठरले. मे 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्यांना स्थगिती दिली, ती त्याच वर्षी डिसेंबरात उठली. स्थगितीची बातमी गावभर झाली, उठल्याची तितकी झाली नाही, म्हणून ‘ते प्रकरण कोर्टात आहे’ असं अजूनही अनेकांच्या तोंडी ऐकू येतं. मूळ दरावर महागाई भत्ता चढत जातो, त्यामुळे आजचा आकडा 11,800 पेक्षा वर आहे. राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय आपल्याच शहरात आहे, त्यांचं चालू परिपत्रक बघून घ्या. मी इथे हिशेबाला 11,800 धरते. 26 दिवसांनी भागले तर रोजचे 454, आठ तासांनी भागले तर तासाचे 57 रुपये.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. एप्रिल 2024 च्या आधीचा अकुशल दरसुद्धा दहा हजारांच्या वर होता. तेव्हा नव्या रेटमुळे अचानक काही बिघडलं असं म्हणता येत नाही.

पाच बायकांच्या घरगुती उद्योगाला हे सगळं लागू होतं का, असा प्रश्न तुमच्यासारख्या पुष्कळ जणींना पडतो. पूर्वी सरकारच्या यादीतल्या उद्योगांनाच किमान वेतन लागू असे आणि त्या यादीवरून वाद घालता येई. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता हा केंद्राचा नवा कायदा लागू झाला आणि ती यादीची अटच गेली. आता कोणाच्याही हाताखाली मजुरीने काम करणाऱ्याला किमान वेतनाचा हक्क आहे. तुमच्या मुलाने सुचवलेल्या किलोच्या रेटचाही इथेच निकाल लागतो. किलोवर पैसे देता येतात, पण दिवसभराच्या कामाचे मिळून ते किमान रोजापेक्षा कमी भरता कामा नयेत. जुन्या कायद्यातही हेच होतं.

आता ‘परवडत नाही’. हा शब्द तुम्ही अगदी प्रामाणिकपणे वापरला आहे. पण त्यावर देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच, केरळातल्या एका प्रकरणात, उत्तर दिलं आहे: किमान वेतन ठरवताना मालकाची देण्याची ऐपत विचारात घ्यायची नसते. ऐपतीचा प्रश्न त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे रास्त वेतनाच्या वेळी येतो. किमान म्हणजे जिच्याखाली जायचंच नाही ती रेघ. ‘राजीखुशीने येतात’ यालाही असंच उत्तर 1982 मध्ये मिळालं. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती, तिथल्या मजुरांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की गरजेपोटी किमानपेक्षा कमी मजुरीवर राबणारा माणूस संविधानाच्या 23 व्या कलमातल्या वेठीच्या मजुरासारखाच आहे. शब्द कठोर आहे, आणि तो तुम्हाला उद्देशून वापरताना माझाही हात अडखळतो. पण त्यामागचा विचार डोळ्यांपुढे ठेवा. शेजारच्या गल्लीत सातच हजार मिळतात म्हणून ती आठ हजारांना हो म्हणते, याला राजीखुशी म्हणता येईल का?

या रेघेत काय धरलं आहे तेही सांगते, कारण ‘एवढे?’ हा प्रश्न तिथेच विरघळतो. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने हिशेब घालून दिला. कमावणारा एक, जोडीदार 0.8, दोन मुलं प्रत्येकी 0.6, अशी तीन माणसांची भूक धरायची. माणशी 2,700 कॅलरी अन्न, सबंध कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, सरकारी औद्योगिक वसाहतीच्या भाड्याइतकं घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी 20 टक्के. पुढे 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी 25 टक्के आणखी धरायला सांगितले. सासू-सासरे, आई-वडील या तीन माणसांत बसतच नाहीत. आपल्याकडच्या किती घरांत म्हातारं माणूस नसतं, सांगा.

आता तुमच्या त्या बाईंचं घर या हिशेबाशेजारी ठेवा. खोलीचं भाडं 4,000, ते तुम्हीच लिहिलं आहे. 8,000 तले निम्मे तिथेच गेले. उरलेल्या 4,000 त गॅसची टाकी, किराणा, वीज, बारावीची मुलगी. मग फी भरायची वेळ आली की ती तुमच्याकडेच येणार, भाडं थकलं की तुमच्याकडेच येणार. तुम्ही दोन्ही वेळा दिलेत, हे तुमच्या मनाचं मोठेपण आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण वर्षाकाठी हिशेब केलात तर पगारात तिला दरमहा 3,800 कमी मिळाले, म्हणजे वर्षाला 45,600. तुम्ही फीला आणि भाड्याला दिलेत ते यातलेच होते असं ती म्हणाली, तर तुमच्याकडे उत्तर नाही. फरक एवढाच की पगार म्हणून मिळाले असते तर तिला ते मागावे लागले नसते.

‘घरच्यासारखं’ या शब्दावर म्हणूनच माझा थोडा राग आहे. आपल्या मराठी घरांत तो फार प्रेमाने वापरला जातो, आणि त्याच प्रेमाच्या पोटी हजेरीचं पान, सुट्टीचा हिशेब, दिवाळीआधी रात्री नऊपर्यंत थांबल्याचे पैसे, सगळं अळीमिळी राहून जातं. कायद्याने जादा तासांना दुप्पट दर आहे. साडी त्याबदली होत नाही. साडी जरूर द्या, पण ती साडीच असू दे.

तुमच्या सासऱ्यांचा उल्लेख वाचून मला इंदूरच्या मिलचे दिवस आठवले. तुमचं घर ज्या पगारावर उभं राहिलं, तो मालकाच्या मायेवर ठरत नव्हता. व्ही. व्ही. द्रविड, रामसिंहभाई वर्मा यांच्यासारखी माणसं मिल मजदूर संघात होती, महागाई भत्ता मागून, भांडून, लिहून घेतलेला होता. महिन्याच्या महिन्याला तेवढे पैसे येणार याची खात्री होती, म्हणून मुलं शिकली. उलट टोक आपण हुकुमचंद मिलचं पाहिलं. 1991 मध्ये ती बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे 224 कोटी रुपये मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. तोवर कितीजण गेले होते. ज्या शहराने हे दोन्ही पाहिलं आहे, त्या शहरातल्या बाईने ‘काकू, आमचं काय?’ एवढंच विचारावं, यात तुम्हाला दुखावण्यासारखं काही नाही. तुमच्यावर विश्वास होता म्हणून तिने आधी तुम्हाला विचारलं. थेट श्रम कार्यालयातही जाता आलं असतं.

लाडली बहनाचं म्हणाल, तर ते पैसे सरकारने त्या बाईला दिले आहेत. महिना 1,000 पासून सुरू झालेली ती रक्कम आता 1,500 झाली, म्हणून तुमच्याकडच्या पगारातून 1,500 वजा करायचे असतील तर ती योजना मालकांसाठीच झाली. तुम्ही मुद्दाम असं करत नाही, ठाऊक आहे. पण मनात कुठेतरी तो आधार धरला आहे, म्हणून लिहिलं.

आता पैशाकडे येऊ. पाचजणींना 11,800 दिले तर दरमहा 19,000 वाढतात. 35,000 तून 19,000 गेले की 16,000 राहतात, आणि तुम्हाला धडकी भरली ती इथे. पण हा सगळा भार एकट्या तुमच्या 35,000 वर का टाकायचा? 700 किलोवर 19,000 म्हणजे किलोला 27 रुपये. तुमचं पाव किलोचं पाकीट 85 ला जातं, ते 92 ला जाईल. सात रुपये.

2024 मध्ये काय झालं ते आठवा. सप्टेंबरच्या मध्यात सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर शून्यावरून 20 टक्के, आणि ऐन फराळाच्या तोंडावर तेल कडाडलं. तुम्ही भाव वाढवलात. बेसन वाढलं की वाढवता, गॅस वाढला की वाढवता. तेव्हा ‘माझ्यातून भागवते’ असं तुम्ही म्हणत नाही आणि म्हणूही नये. खर्चाच्या वहीत हलत नव्हता तो एकच आकडा, पगाराचा. तो हलवायची वेळ आली की मात्र तो तुमच्या नफ्यातून द्यायचा वाटतो. माझ्या मते तुमच्या सगळ्या घालमेलीचं मूळ या एका सवयीत आहे.

सात रुपये सगळे गिऱ्हाइकावर टाकायचे नसतील तर पाच टाका. त्यातून दरमहा 14,000 येतील. राहिलेले 5,000 कुठून काढायचे याचा माझा आवडता उपाय सांगते. एक आठवडाभर प्रत्येक पदार्थाला हातांचा किती वेळ लागतो ते लिहून काढा. घरगुती उद्योगात सामानाचं वजन सगळ्या करतात, वेळेचं कोणी करत नाही. समजा एक बाई दिवसात शेव वीस किलो पाडते, तर 454 रुपयांच्या रोजाने शेवेच्या किलोमागे मजुरी 23 रुपये. अनारशाचं पीठ भिजवण्यापासून खसखशीवर थापून एकेक तळण्यापर्यंत धरलं तर तीच बाई दिवसात तीन किलोच्या पुढे क्वचित जाईल. किलोमागे मजुरी 151. दोन्ही पदार्थांच्या भावात एवढा फरक तुम्ही ठेवला आहे का? माझा अंदाज आहे की नसेल. म्हणजे शेवेने इतकी वर्षं अनारशाला पोसलं, आणि दोघांच्या मधल्या तुटीचा भार त्या पाचजणींच्या अंगावर पडला. अनारसे ज्याला हवेत तो किलोमागे शंभर रुपये जास्त देतो. पुण्या-मुंबईला आणि परदेशी डबे पाठवणारी घरं तर देतातच. जो देणार नाही, त्याच्यासाठी शेव आहे.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट खुपते. अनारसा तळणाऱ्या, चकलीच्या भाजणीचं प्रमाण डोळ्यांनी ओळखणाऱ्या बाईला आपण ‘अकुशल’ धरतो, कारण हे काम तिला आईने शिकवलं, कारखान्याने नाही. तेल तापलं की नाही हे भांड्याच्या कडेवरून सांगणारी बाई निदान अर्धकुशल आहेच. पाचांपैकी दोघी अशा असतील तर त्यांना 12,796 धरा. एकूण दोनेक हजारांचा फरक पडेल. त्यांनी शिकवलं म्हणूनच बाकीच्या तिघी तयार झाल्या.

तुमच्या मुलाच्या दुसऱ्या सल्ल्याबद्दल. वेतन वाढलं की माणसं कमी होतात, ही समजूत जुनी आहे. 1992 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 केलं, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथली फास्टफूडची दुकानं शेजारच्या राज्यातल्या दुकानांशी ताडून पाहिली. नोकऱ्या घटल्याचं त्यांना आढळलं नाही. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं ते अशाच अभ्यासांसाठी. ती दुकानं मोठ्या साखळ्यांची होती, तुमच्या दोन खोल्यांची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण तुमच्याकडे 700 किलो माल पाच बायका करतात. दोघी कमी केल्या तर उरलेल्या तिघी तोच माल करतील का? नाही केला तर विक्रीच घटेल. आणि सणाच्या आधी पुन्हा माणसं शोधताना जिला भाजणी कळते अशी कोण मिळणार? मुलाने मोठ्या कंपनीतला विचार तुमच्या ओट्यावर आणला आहे. त्याला प्रेमाने सांगा की हे इथे चालणार नाही.

खरोखरच भाव वाढवता येत नसेल, तर एक मार्ग राहतो, पण तो दुय्यम आहे. 8,000 रुपयांत तासाला 57 च्या दराने महिन्याचे 140 तास बसतात, म्हणजे रोज साधारण साडेपाच. दहाला येऊन साडेतीनला सुटायचं. बायकांना हे चालत असेल, घरी मुलं लहान असतील किंवा दुसरं काम धरता येत असेल, तर त्यांच्याशी बोलून, कागदावर लिहून ठरवा आणि कामाचा बोजाही तेवढाच कमी करा. तास कमी आणि माल तेवढाच, असं झालं तर ही जुनीच गोष्ट नव्या वेळापत्रकात होईल. हा बदल करण्याआधी एखाद्या कामगार सल्लागाराकडून कागद तपासून घ्या.

आता तुमच्यावर होणारा अन्याय. तुमच्या 35,000 त तुमची स्वतःची मजुरी आणि त्या दोन खोल्यांचं भाडं धरलेलं नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून भाजणी काढणाऱ्या बाईचा रोज कोण देतं? वहीत तुमच्या नावाचाही पगार लिहा, तेव्हा कळेल की तुमच्यात आणि त्या बाईत जेवढं अंतर आहे त्याहून कितीतरी मोठं अंतर तुमच्यात आणि तुमचा माल विकणाऱ्यांत आहे. म्हणून दोन्हीकडचा हिशेब एकदमच करायला हवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर आजच करा, ती ऑनलाइन आणि फुकट आहे. सूक्ष्म उद्योगाने माल दिला की खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे चुकवावे असा 2006 चा कायदा आहे. आता आयकराचाही त्याला जोर मिळाला आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर दुकानदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षाच्या हिशेबात वजा मिळतो. तुमच्या बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि त्याखाली मुदत लिहा. दोन महिने अडकणारे पैसे एक महिना आधी हातात आले तर पगाराच्या तारखेला होणारी ओढाताण निम्मी होईल. शेव पाडायचं किंवा दळायचं यंत्र घ्यायचं असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत कर्जाला जोडून 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे; सध्या अर्ज घेतात का, ते जिल्ह्याच्या उद्यानिकी खात्यात विचारा. यंत्राने वाचलेला वेळ अनारशाला द्या.

बायकांशी बोलणं एकीशी करू नका, पाचजणींशी एकत्र करा. जिने विचारलं तिला एकटीला वाढवलंत तर बाकीच्या तिला फितूर समजतील, आणि तिला एकटीला टाळलंत तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. वही समोर ठेवा. सामानाला किती, दुकानदाराला किती, तुम्हाला किती, सगळं वाचून दाखवा. मालकाने नफा सांगितला की माणसं डोक्यावर बसतात अशी आपल्याकडे भीती असते. माझा अनुभव आहे की खरा आकडा कळला की त्याच बायका तेल कुठे वाया जातं आणि कोणत्या दुकानातून माल परत येतो ते सांगतात. पुढच्या महिन्यापासून पगार बँकेत, सात तारखेच्या आत, हजेरीचं पान आणि पगाराची चिठ्ठी. दोन सरकारी विम्यांचे, म्हणजे जीवनज्योतीचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20, मिळून 456 रुपये वर्षाला प्रत्येकीचे तुम्ही भरलेत तर पाचजणींचे 2,280 होतात. हे पगाराच्या वर, पगाराऐवजी नव्हे.

मागच्या थकबाकीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला टाळता येत नाही. वेतन संहितेत कमी मिळालेल्या वेतनासाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. पाचजणींचा हिशेब केला तर आकडा तुम्हाला झेपणारा नाही. तरीही त्या विषयावर गप्प बसू नका. निदान त्या बाईने विचारलं त्या दिवसापासूनचा फरक ताबडतोब द्या आणि बाकीचं दिवाळीच्या मोठ्या विक्रीतून थोडं थोडं कसं देता येईल ते त्यांच्याशी बसून लिहून ठरवा. त्यांनी कमी मान्य केलं तर तो त्यांचा मोठेपणा, पण विचारायचं तुम्हीच.

हे पत्र वाचणाऱ्या दोन प्रकारच्या वाचकांसाठी थोडं. तुम्ही अशा एखाद्या काकूंकडे किंवा साँवेर रोड, पालदा, पोलोग्राउंडकडच्या छोट्या कारखान्यात काम करत असाल, तर स्वतःच्या वहीत रोजची वेळ लिहीत जा, पगाराच्या नोंदी जपून ठेवा, आणि आधी एकत्र बोला. नाही ऐकलं तर श्रम कार्यालय आहे, 181 ही राज्याची हेल्पलाइन आहे. आणि तुम्ही तिलकनगर, राजेंद्रनगर, सुदामानगरात राहून घरगुती फराळ मागवत असाल, तर पुढच्या वेळी घासाघीस करताना त्या दहा रुपयांत कोणाचं काय जातं ते विचारा. चकली घरगुती हवी, हाताची हवी आणि भाव मशीनचा हवा, हे तिन्ही एकदम मिळत असेल तर त्यातला फरक कोणीतरी भरत असतं.

गिऱ्हाइकाला भाववाढ सांगताना तेलाचं निमित्त करू नका, ताई. खरं तेच यादीच्या वर लिहा: ‘आमच्याकडे काम करणाऱ्या पाचजणींना आता सरकारी दराने पगार मिळतो, म्हणून पाव किलोमागे पाच रुपये वाढले आहेत.’ काहीजणी जातील. त्यांच्या जागी कोण येतं ते दोन-तीन महिने पाहा, आणि पदार्थावार वेळेची ती वही भरली की त्यातले आकडे मला पाठवा. भाजणी आणि चिवड्याचा भाव त्यावरून पुन्हा लावता येईल.